शीव ओलांडून संध्याकाळच्या आत घरी

थायलंडमधील पहिल्या क्रमांकाचा महामार्ग बँकॉकहून निघतो आणि उत्तरेस मे साई या गावी एका पुलाशी येऊन संपतो. पुलाखालच्या नदीचे नावही साईच. तिला नदी म्हणावे की ओढा, असा प्रश्न उन्हाळ्यात पडावा इतके तिचे पात्र अरुंद आहे. पलीकडच्या काठावर ताचिलेक हे शहर आहे. ते ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारच्या शान राज्यात मोडते. अलीकडच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे पलीकडून मोजता येतात.

गेल्या शतकाच्या अखेरीपासून या पुलावर एक वेगळ्याच प्रकारचा प्रवासी नित्य दिसू लागला. सकाळी चिआंग माईहून मिनीबसने निघावे, चार-पाच तासांनी मे साईला उतरावे, थायलंडच्या खिडकीवर पासपोर्टवर 'गेला' असा शिक्का घ्यावा, पूल चालून जावे, ब्रह्मी कचेरीत पाचशे बाथ किंवा दहा डॉलरची कोरी करकरीत नोट द्यावी (चुरगळलेली नोट तेथे चालत नसे), पासपोर्ट ठेवून घेऊन दिलेला कागद खिशात घालावा, पुलालगतच्या बाजारात सिगारेटी आणि बनावट घड्याळे पाहत तासभर काढावा, मग पासपोर्ट सोडवून परत यावे आणि अलीकडच्या खिडकीवर 'आला' असा शिक्का घ्यावा. या दुसऱ्या शिक्क्यासोबत थायलंडमध्ये राहण्याचे नवे दिवस मिळत. रात्रीच्या जेवणाला माणूस पुन्हा चिआंग माईत. इंग्रजी शिकवणारे तरुण, निवृत्तिवेतनावर जगणारे युरोपीय, संगणकावर कोठूनही काम करणारे, असे हे लोक. बोलीत यास व्हिसाचे नूतनीकरण म्हणत; पण काटेकोरपणे पाहता बहुतेकांजवळ व्हिसा नसेच, व्हिसावाचून राहण्याची मुदतबंद सवलत असे, आणि तिची मुदत भरली की ती नव्याने सुरू करण्यासाठी देशाबाहेर पाऊल टाकावे लागे.

इंग्रजीत या प्रकाराला 'व्हिसा-रन' असे नाव पडले. मराठीत नवा शब्द घडवण्याची गरज नाही. आपल्याकडे सीमोल्लंघन हा शब्द आहे आणि तो या प्रकाराला आश्चर्यकारक नेमकेपणाने लागू पडतो. दसऱ्याचे सीमोल्लंघन मुळात मोहिमेचा प्रारंभ होता. पाऊस सरला, पिके उभी राहिली, की फौजा हद्दीबाहेर निघत, त्या पुढे महिनोन्‌महिने परतत नसत. मोहिमा संपल्या तरी विधी राहिला. गावच्या शिवेपर्यंत जायचे, शमीची पूजा करायची, आपट्याची पाने सोने म्हणून लुटायची आणि दिवेलागणीच्या आत घरी येऊन ओवाळून घ्यायचे. जाण्यात जाणे उरले नाही. परतणे हाच विधीचा गाभा झाला. विवाहातील सीमान्तपूजनाचेही तेच. वरपक्षाला शिवेवर सामोरे जाण्याचा हा आचार आता मंगल कार्यालयाच्या एका खोलीत उरकतो, आणि शीव कोठे आहे असा प्रश्न कोणी गुरुजींना विचारत नाही. साई नदीवरचा प्रवासी हा असाच विधी करीत असे. त्याला ब्रह्मदेशात काही काम नव्हते. थायलंडच्या शासनाला तो तासभर आपल्या दप्तरात नको होता, एवढेच.

ही कायद्याने मानलेली अनुपस्थिती मोठी गमतीची गोष्ट आहे. माणसाची खोली चिआंग माईत तशीच असे, दुचाकी दारात उभी असे, कुत्रा शेजाऱ्याकडे असे. तरीही कागदावर तो देश सोडून गेलेला आणि नव्याने आलेला असे. पुलावर मात्र आणखी दोन गोष्टी खरोखरीच बदलत. म्यानमारचे घड्याळ थायलंडच्या अर्धा तास मागे आहे, म्हणून पूल ओलांडणारा अर्ध्या तासाने भूतकाळात जाई. शिवाय थायलंडमध्ये वाहने रस्त्याच्या डावीकडून धावतात, म्यानमारमध्ये १९७०पासून उजवीकडून; त्यामुळे वाहनांना त्या एवढ्याशा जागेत बाजू बदलावी लागते. प्रवाशाचे मात्र काहीच बदलत नसे.

ही शीव तेथे आली कोठून, हा प्रश्न त्या रांगेतल्या फार थोड्यांना पडला असेल. आम्हांस तो पडण्याचे कारण रत्नागिरी. शाळेच्या सहलीत आम्ही थिबा राजवाडा पाहिला होता; तेव्हा लक्षात राहिले ते एवढेच की, एक राजा फार दुरून आणून येथे ठेवला होता. पुढे वाचनात आले ते असे. १८८५च्या नोव्हेंबरात ब्रिटिशांनी मंडाले घेतले, थिबाला पदच्युत करून बोटीवर चढवले आणि १ जानेवारी १८८६ रोजी उत्तर ब्रह्मदेश खालसा केल्याचे जाहीर केले. थिबा आधी मद्रासेस, मग त्याच वर्षीच्या एप्रिलात रत्नागिरीस आला. राजवाडा बांधून झाला तो १९१०मध्ये; १९१६च्या डिसेंबरात थिबा तेथेच वारला. मायदेशी परतण्याची परवानगी त्याला कधीच मिळाली नाही. राणी व कुटुंबीय १९१९मध्ये परत गेले, पण थोरली राजकन्या पुन्हा रत्नागिरीस आली, तेथेच मरण पावली, आणि तिचे वंशज मराठी बोलत त्या गावात मिसळून गेले.

थिबा गेला, पण मंडालेच्या गादीशी पूर्वापार मांडलिकत्वाचे नाते असलेली शान संस्थाने जागीच होती, आणि ब्रिटिशांनी वारसाहक्काने ती आपली मानली. त्यांतील पूर्वेकडचे मोठे संस्थान केंगतुंग. त्याच्या अधिपतीने १८९०मध्ये ब्रिटिश सत्ता मान्य केली. केंगतुंगचे राजघराणे आपली वंशावळ मंगराय राजापर्यंत नेत असे. ज्याने १२६२मध्ये चिआंग राय आणि १२९६मध्ये चिआंग माई वसवले, तोच हा मंगराय. म्हणजे साई नदीच्या दोन्ही काठांवरची सत्ता एकाच कुळाच्या आठवणीतून आलेली, भाषा एकमेकींच्या बहिणी, आणि लग्ने, बैलांचे तांडे, विहारांतले भिक्षू हे सारे इकडून तिकडे जाणारे. १८९०च्या दशकात ब्रिटिश आणि सयामी अधिकाऱ्यांनी मोजणी करून या मुलखात रेषा आखली. रत्नागिरीच्या समुद्राकडे पाहत बसलेल्या माणसाला तिच्याविषयी कोणी विचारण्याचे कारण नव्हते.

रेषा आखण्यापूर्वी तेथे काय होते? हे समजून घेण्यासाठी थाई इतिहासकार थोंगचाई विनिचाकुल यांच्या 'सयाम मॅप्ड' (१९९४) या ग्रंथाइतका उपयुक्त ग्रंथ आम्हांस दुसरा ठाऊक नाही. (ऑक्टोबर १९७६मध्ये थम्मासात विद्यापीठात झालेल्या हत्याकांडाच्या वेळी थोंगचाई विद्यार्थी-नेते होते आणि त्यानंतर तुरुंगात गेले, देश म्हणजे काय, हा प्रश्न त्यांच्यासाठी केवळ ग्रंथालयातला नव्हता.) त्या मुलखातली जुनी राज्ये दिव्याच्या उजेडासारखी होती. मध्यभागी प्रकाश दाट, दूर जावे तसा विरळ, आणि दोन दिव्यांच्या मधल्या अंधुक पट्ट्यात राहणारे गाव दोघांनाही नजराणा देई. सिपसोंगपन्नाचे लोक चीनला बाप आणि ब्रह्मदेशाला आई म्हणत, आणि त्यात कोणालाही विसंगती दिसत नसे. अभ्यासक अशा व्यवस्थेला 'मंडल' हा संस्कृत शब्द वापरतात. मराठी वाचकाला तो समजावून सांगावा लागू नये, कारण 'मांडलिक' हा आपला रोजचा शब्द त्यातूनच आला आहे.

१८२६च्या फेब्रुवारीत यांदाबोच्या तहाने तेनासरीमचा किनारा ब्रिटिशांकडे आला आणि ते सयामचे शेजारी झाले. शेजारी होताच त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हद्दीचा. थोंगचाई दाखवतात की, सयामी दरबाराला हा प्रश्न दरबाराने सोडवण्याजोगा वाटलाच नाही. हद्द कोठे आहे हे हवे असेल तर तेथे राहणाऱ्या जुन्या लोकांना विचारा, अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळाले. ब्रिटिशांना ही टाळाटाळ वाटली. आम्हांस मात्र हे उत्तर अतिशय ओळखीचे वाटते. महाराष्ट्रात दोन गावांत शिवेचा तंटा पडला की, साक्ष महाराची मानत. शीव चालून दाखवण्याचे काम वतनाने त्याच्याकडे होते. तो ज्या वाटेने पावले टाकी ती शीव. आणि शिवेचे हे संपूर्ण ज्ञान ज्याच्यापाशी, त्याला राहायची जागा मात्र गावकुसाबाहेर. ज्याच्या साक्षीवर गावाची हद्द ठरते, त्याचेच घर हद्दीच्या आत नाही. दलित साहित्याच्या अभ्यासकांना 'गावकुसाबाहेर' या शब्दाचे वजन आम्ही सांगावयास नको. साई नदीच्या इतिहासाकडे आम्ही पाहतो ते या शब्दातून.

नकाशावरची रेषा नदीत ओतली तरी नदी रेषेसारखी वागत नाही. साईने पात्र बदलले, तेव्हा १९३१-३२मध्ये ब्रिटन आणि सयाम यांना पत्रांची देवाणघेवाण करून खोल प्रवाह हीच सीमा असे ठरवावे लागले. पुढे १९९१मध्ये थायलंड आणि म्यानमार यांनी या पट्ट्यात कायमची, नदी हलली तरी न हलणारी, सीमा मान्य केली. दरम्यान माणसांनीही रेषा पुसून पाहिली होती. १९४२मध्ये जपानच्या बाजूने लढणारे थाई सैन्य उत्तरेस चढून गेले, केंगतुंग घेतले, आणि तो मुलूख थायलंडला जोडण्यात आला. १९४६मध्ये युद्धोत्तर तडजोडीत तो परत द्यावा लागला. म्हणजे चारेक वर्षे हा पूल सीमेवर नव्हताच. २००१च्या फेब्रुवारीत दोन्ही सैन्यांनी या गावांवरून परस्परांवर तोफा डागल्या आणि पूल काही महिने बंद राहिला. तेव्हा शिक्क्यांसाठी येणाऱ्यांनी दुसऱ्या सीमा शोधल्या. लाओस होता, कंबोडिया होता, दक्षिणेस मलेशिया होता.

आता शिक्क्याकडे वळू. पासपोर्ट ही वस्तू जितकी प्राचीन वाटते तितकी ती नाही, निदान सक्तीची वस्तू म्हणून तरी नाही. श्टेफान झ्वाइगने आपल्या आत्मवृत्तात लिहिले आहे की, १९१४पूर्वी त्याने पासपोर्टवाचून हिंदुस्थान आणि अमेरिका पाहिली होती, आणि तरुणांना हे सांगितले की ते थक्क होत. महायुद्धात हेरांच्या भयाने आलेली ही व्यवस्था तात्पुरती आहे असेच पुष्कळांना वाटत होते. १९२०मध्ये राष्ट्रसंघाने पॅरिसला परिषद भरवली, तीत सर्व निर्बंध उठवण्याची इच्छा व्यक्त झाली आणि प्रत्यक्षात ठरला तो पासपोर्टाचा समान नमुना. हिंदुस्थानात प्रवेशासाठी पासपोर्ट सक्तीचा करण्याचा अधिकार सरकारला देणारा कायदाही १९२०चाच. १९२२मध्ये देश हरवलेल्या रशियनांसाठी नान्सेन पासपोर्ट निघाला. कागद तात्पुरता नव्हता, हे तोवर स्पष्ट झाले होते.

याच दशकात बी. ट्रॅवेनची 'मृत्युनौका' ही कादंबरी आली (१९२६). तिचा नायक एक अमेरिकन खलाशी. बोट त्याला अँटवर्पमध्ये सोडून निघून जाते आणि कागद तिच्यावरच राहतात. बेल्जियमचे पोलीस त्याला रात्री गुपचूप हॉलंडच्या हद्दीत ढकलतात. हॉलंडचे त्याला परत पाठवतात. मे साईच्या पुलावरचा विधी येथे नेमका उलटा झाला आहे. तेथे माणूस कागदासह जातो आणि अधिक कागद घेऊन येतो. येथे कागद नसलेल्या माणसाला सीमा दोन्ही बाजूंनी बाहेर टाकते. मंटोचा टोबा टेकसिंग या ठिकाणी कोणालाही आठवेल, पण त्याच्यावर इतके लिहिले गेले आहे की त्याला निजू द्यावे. ट्रॅवेन आपल्याकडे तुलनेने कमी वाचला जातो.

थायलंडच्या शासनाला हा खेळ कळत नव्हता असे नाही. २००६च्या ऑक्टोबरात नियम आला की, व्हिसावाचून सहा महिन्यांत नव्वद दिवसच राहता येईल. २००८च्या अखेरीस तो जाऊन जमिनीवरून येणाऱ्यास तीसऐवजी पंधराच दिवस देण्याचे ठरले. परिणामी लोक दुप्पट वेळा पुलावर येऊ लागले, जे कोणालाही आधी सांगता आले असते. २०१३मध्ये काही श्रीमंत राष्ट्रांसाठी पुन्हा तीस दिवस. २०१४च्या लष्करी उठावानंतर लागोपाठ शिक्के घेणाऱ्यांना परतवण्याचे सत्र झाले. २०१६च्या अखेरीस जमिनीवरून वर्षात दोनच वेळा असा दंडक आला. मग २०२४च्या जुलैत पर्यटन वाढवण्यासाठी भारतासह ९३ देशांच्या नागरिकांना एकदम साठ दिवस देण्यात आले. नियम घट्ट होतो, सैल होतो, पुन्हा घट्ट होतो. त्यामागे तत्त्व शोधण्याच्या फंदात आम्ही पडत नाही. तिजोरी आणि पोलीसखाते यांतील जुने भांडण आहे ते.

असे भांडण आपल्याही अंगणात झाले आहे. गोव्यात हिवाळे काढणारे विदेशी मुदत संपली की नेपाळ वा श्रीलंकेला जाऊन नवा व्हिसा घेऊन येत. २००८च्या मुंबई हल्ल्याच्या तपासात डेव्हिड हेडलीच्या वारंवार भारतभेटी उघड झाल्यावर, २००९च्या अखेरीस, पर्यटक-व्हिसावरच्या दोन भेटींत दोन महिन्यांचे अंतर सक्तीचे झाले. बहुतेक देशांसाठी ती अट २०१२च्या डिसेंबरात उठली. दरम्यान ज्यांचे घर कागदाने पर्यटनस्थळ होते आणि मनाने घर, अशा माणसांची मोठी ओढाताण झाली. त्यांच्याविषयी आम्हांस सहानुभूती वाटते. तरीही त्यांच्याजवळ परत जाण्यासाठी एक देश होता, हे विसरता येत नाही.

मे साईत असा देश नसलेले लोक राहतात. शान, आखा, लाहू, वा; कोणी डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या होते आणि नोंदणी करणारा अधिकारी त्यांच्यापर्यंत कधी पोचलाच नाही, कोणी लढाईतून पळत नदी ओलांडून आले. त्यांच्यासाठी ती पाहुण्यांची खिडकी नव्हे. पलीकडे गेल्यास परत येण्याचा हक्क नाही, आणि अलीकडेही प्रांताबाहेर जायचे तर परवानगी काढावी लागे. जगाला हे कळले ते एका अपघाताने. २३ जून २०१८ रोजी मे साई तालुक्यातील थाम लुआंग गुहेत फुटबॉल संघातील बारा मुले आणि त्यांचा साहाय्यक प्रशिक्षक पुराच्या पाण्यामुळे अडकले. दहाव्या दिवशी ब्रिटिश पाणबुडे त्यांच्यापर्यंत पोचले, तेव्हा अंधारातून इंग्रजीत उत्तर देणारा मुलगा पलीकडच्या वा प्रदेशात जन्मलेला होता. गुहेतले पाणी उपसण्याच्या कामी सल्ला देण्यास आपल्याकडील किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञही गेले होते. मराठी वृत्तपत्रांनी तेव्हा ते अभिमानाने छापले आणि ते योग्यच होते. पण त्याच दिवसांत पुढे आलेली दुसरी बातमी आपल्याकडे फारशी वाचली गेली नाही. त्या तेरा जणांपैकी तिघे मुलगे आणि प्रशिक्षक कोणत्याही देशाचे नागरिक नव्हते.

ही चार माणसे त्या पुलापासून काही किलोमीटरांवर वाढली होती. कोणती वाट कोठे उतरते, पावसाळ्यात पाणी कोठवर चढते, पलीकडच्या बाजारात काय स्वस्त मिळते, हे सारे तेथल्या पोरांना ठाऊक असते. सयामी दरबाराने १८२०च्या दशकात ज्यांना विचारा म्हणून सांगितले होते, ते हेच लोक. वा त्यांचे नातू-पणतू. रेषेची साक्ष देऊ शकतील असे ते, आणि रेषेने ज्यांना दोन्ही बाजूंच्या यादीतून वगळले तेही ते. त्याच काळात त्यांच्या डोळ्यांदेखत मिनीबसमधून उतरलेला माणूस, नदीचे नाव न विचारता, तासाभरात तिला दोनदा ओलांडून जाई.

थायलंडच्या मंत्रिमंडळाने २९ ऑक्टोबर २०२४ रोजी सुमारे ४ लाख ८३ हजार नागरिकत्वहीनांना कायम वास्तव्य वा नागरिकत्व त्वरेने देण्याच्या योजनेस मान्यता दिली. त्याच्या दीडच महिना आधी, सप्टेंबरात, यागी वादळाच्या पावसाने साई नदी कधी नव्हे इतकी फुगली आणि दोन्ही काठांवरच्या बाजारांत गुडघ्याच्या वर चिखल भरला. पुलाच्या कोणत्या बाजूचा चिखल कोणाचा, हे काही आठवडे सांगता येत नव्हते.

गुहेतून सुटलेल्या त्या चौघांना ८ ऑगस्ट २०१८ रोजी मे साईच्या तालुका कचेरीत थाई ओळखपत्रे मिळाली. ओळखपत्र मिळाले म्हणून पासपोर्ट निघू शकला. त्या ऑक्टोबरात संघ युवा ऑलिंपिकच्या निमंत्रणावरून ब्वेनोस आयरेसला गेला, तेथे मोनुमेंताल मैदानावर सामना खेळला, आणि मग सारे घरी आले.